कृत्याचे पितृत्व

इंग्रजी वृत्तपत्रे नित्य वाचणाऱ्या मराठी माणसाला 'पर्पेट्रेट' हे क्रियापद अपरिचित नसते. कत्तल, अफरातफर, बनावट दस्तऐवज, निरपराध प्रजेवर सैन्याने केलेला अत्याचार असल्या वार्तांमध्ये ते हटकून भेटते, आणि ज्याने ते कृत्य केले त्याला 'पर्पेट्रेटर' म्हणतात हेही वाचकाला ठाऊक असते. एखादे दुष्कृत्य प्रत्यक्ष आचरणे, ते शेवटास नेणे, एवढाच या क्रियापदाचा आजचा अर्थ आहे. कोणी गावासाठी विहीर खणली, शाळा काढली किंवा बुडत्याचा जीव वाचवला, तर त्या कृत्यासाठी हे क्रियापद वापरता येत नाही. वापरलेच, तर ऐकणारा दचकेल आणि त्या विहिरीत काही काळेबेरे आहे की काय अशी त्याला शंका येईल. अपराध करणे या अर्थाने इंग्रजीत अधिक प्रचलित असलेले 'कमिट' हे क्रियापद याहून पुष्कळच उदार आहे. गुन्हा करणे, कैद्याला तुरुंगात पाठवणे, एखादी गोष्ट स्मरणात साठवणे, स्वतःला वचनाने बांधून घेणे अशी अनेक कामे ते करते. 'पर्पेट्रेट'कडे मात्र एकच काम उरले आहे, आणि ते दुष्कर्माच्या नोंदीचे आहे.

असे असूनही या शब्दाच्या कुळात डोकावले, तर तेथे पिता आहे, पुरोहित आहे, शपथ आहे आणि तहनामा आहे. दोन राष्ट्रांमधील पवित्र कराराच्या शेजारी ज्याचा जन्म झाला, तो शब्द खुन्याच्या वाट्याला कसा आला, याची कथा केवळ कोशकारांच्या कुतूहलाची नाही. कारण 'हे कृत्य कोणाचे?' हा जो न्यायशास्त्रातील अत्यंत जुना आणि अत्यंत अवघड प्रश्न, तोच या कुळकथेच्या मुळाशी आहे.

लॅटिनमध्ये मूळ क्रियापद 'पेरपेत्रारे' असे आहे. त्यातील 'पेर' हा उपसर्ग 'आरपार, पूर्णपणे, अखेरपर्यंत' असा अर्थ देतो, आणि उरलेला भाग म्हणजे 'पात्रारे', अर्थात सिद्धीस नेणे, पार पाडणे, हे क्रियापद होय. प्राचीन लॅटिनमध्ये आघात शब्दाच्या आरंभी पडत असल्यामुळे उपसर्ग लागला, की मधला 'आ' दुबळा होऊन बदलत असे, आणि त्या नियमाने 'पात्रारे'चे 'पेत्रारे' झाले. याच 'पेर' उपसर्गाने 'करणे' या अर्थाच्या 'फाकेरे' धातूपासून 'पेरफिकेरे' हे क्रियापद बनले, आणि त्याच्यापासून इंग्रजीला 'पर्फेक्ट' हा शब्द मिळाला. 'पूर्णपणे केलेले' हाच दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ असता, एकाच्या वाट्याला निर्दोषपणाचे वैभव आले आणि दुसऱ्याच्या वाट्याला दोषांचा सगळा भार आला, ही भाषेच्या इतिहासातील विलक्षण घटना म्हटली पाहिजे.

आता 'पात्रारे' कोठून आले? बहुतेक व्युत्पत्तिकार त्याचा संबंध 'पातेर', म्हणजे पिता, या शब्दाशी जोडतात. हा 'पातेर' आपल्याला परका नाही. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात असा विचार मांडला, आणि पुढील अभ्यासकांनी त्याची जी असंख्य प्रमाणे दिली, त्यांत संस्कृत 'पितृ', ग्रीक व लॅटिन 'पातेर' आणि इंग्रजी 'फादर' यांचे नाते अग्रभागी आहे. हे जोन्स स्वतः कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश होते. ज्या कायद्याच्या भाषेत 'पर्पेट्रेट' रोज उच्चारले जात असेल, त्या भाषेचा हा पंडित त्या शब्दातील पित्याला आपल्या पितृ शब्दाचा भाऊबंद ठरवण्याची वाट मोकळी करून गेला.

पित्याचा आणि कार्यसिद्धीचा संबंध काय, हे समजण्यासाठी रोमच्या एका विधीकडे जावे लागते. रोमन इतिहासकार लिव्ही याने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात त्याचे वर्णन केले आहे. राजा टुलस होस्टिलियस याच्या काळी रोम आणि शेजारचे आल्बा लोंगा यांच्यात युद्धाचा प्रसंग आला. दोन्ही सैन्ये भिडवून रक्ताचे पाट वाहवण्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या तिघा-तिघा भावांनी, म्हणजे होरेशियस आणि क्युरिएशियस या कुळांतील वीरांनी, लढावे आणि ज्यांचे वीर जिंकतील त्या नगराने दुसऱ्यावर अंमल चालवावा असे ठरले. लढतीपूर्वी हा ठराव धर्मतः पक्का करणे अवश्य होते. 'फेतियालेस' नावाचे पुरोहितमंडळ परराष्ट्रांशी होणारे तह आणि युद्धाच्या घोषणा यांचे धर्मकृत्य पाहत असे. त्यांपैकी मार्कस व्हॅलेरियस याने राजाला विचारले, की तह करण्याची आज्ञा आहे काय. राजाने आज्ञा दिली. मग त्याने पवित्र वनस्पती मागितली, आणि गडावरून मुळासकट उपटून आणलेल्या त्या शुद्ध गवताने स्प्युरियस फ्युसियस याच्या मस्तकाला व केसांना स्पर्श करून त्याला 'पातेर पात्रातुस' नेमले. शपथ 'पात्रारे' करण्यासाठी, म्हणजे तिला पूर्णत्व देऊन तह बंधनकारक करण्यासाठी, हा पिता नेमला जातो, असे लिव्हीने स्पष्टच सांगितले आहे.

या नियुक्त पित्याने तहाची कलमे आरंभापासून अखेरपर्यंत ऐकवली. ज्युपिटरला साक्षी ठेवले. रोमन जनता ही कलमे प्रथम मोडणार नाही असे सांगितले. आणि सार्वजनिक संमतीने, कपटबुद्धीने तिने ती मोडलीच, तर मी या डुकरावर जसा प्रहार करीत आहे तसा हे ज्युपिटर, तू रोमन जनतेवर कर, असा शाप स्वतःच्याच राष्ट्रावर उच्चारून त्याने गारगोटीच्या दगडाने बलिपशूचा वध केला. ज्युपिटर हे नावही 'द्यौः पिता' या वैदिक संबोधनाचेच रोमन भावंड आहे. म्हणजे वर आकाशरूपी पिता साक्षीला, खाली राष्ट्राच्या वतीने बोलणारा नियुक्त पिता, आणि मध्ये शब्दाने बांधलेले दोन पक्ष, अशा प्रसंगी 'पात्रारे' हे क्रियापद शोभत असे. कपटाने करार मोडणाऱ्याला शिक्षा मागणारा शापही त्याच प्रसंगी उच्चारला जात असे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पित्यालाच हा मान का, याचे उत्तर रोमन कुटुंबव्यवस्थेत आहे. पिता हयात असेपर्यंत मुलगा कितीही वयाचा झाला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो पित्याच्या सत्तेखाली असे. त्याच्या नावे स्वतंत्र मालमत्ता नसे, आणि पित्याला त्याच्या जीवितावरही अधिकार होता. इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमारास रोमने कायद्याची जी बारा कलमपत्रे तयार केली, त्यांत पित्याने मुलाला तीनदा विकले तर मुलगा पित्याच्या सत्तेतून मुक्त होतो असे कलम आहे. त्यावरून ही सत्ता किती दूरवर पोहोचत होती याची कल्पना येईल. जेथे घराच्या वतीने देणेघेणे, करारमदार आणि धर्मकृत्य पुरे करण्याचा अधिकार केवळ पित्याला होता, तेथे 'पित्याच्या नात्याने करणे' आणि 'कायदेशीर रीतीने तडीस नेणे' या दोन गोष्टी एकरूप होणे स्वाभाविक होते, असा विद्वानांचा तर्क आहे. मुलाने काही केले तरी ते अपुरे, पित्याने केले म्हणजे ते झाले. कृत्याला पितृत्व असते ही जाणीव अशा रीतीने या धातूत आरंभापासून मुरलेली आहे.

अभिजात लॅटिनमध्ये हे क्रियापद निष्पक्ष होते. युद्ध शेवटास नेले, तरी ते चाले. वध केला, तरी चाले. कृत्य बरे की वाईट हे कर्म सांगे, क्रियापद फक्त ते पुरे झाले एवढेच सांगे. तरीही शब्दाच्या प्रतिष्ठेला ओहोटी लागायला तेव्हाच प्रारंभ झाला होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील वक्तृत्वाचा आचार्य क्विंटिलियन तक्रार करतो, की सॅलस्टसारख्या पूर्वसूरींनी युद्ध तडीस नेण्याच्या अर्थाने निर्मळपणे वापरलेल्या 'पात्रारे'ला आपल्या काळी अश्लील अर्थ चिकटला आहे आणि लोक ते वाचून हसतात. हा दोष लिहिणाऱ्यांचा नसून वाचणाऱ्यांचा आहे, असा निर्णय तो देतो. शब्द बिघडतात ते बोलणाऱ्यांच्या मनात, आणि एकदा बिघडले म्हणजे त्यांना धुऊन काढणे आचार्यांनाही जमत नाही, याचा हा पुरातन दाखला आहे.

इंग्लंडमध्ये हा शब्द सोळाव्या शतकात, १५४० नंतरच्या दशकात आला. पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तेथील पार्लमेंटचे कायदे मुख्यतः लॅटिन आणि कायदेपंडितांच्या फ्रेंच भाषेत लिहिले जात. ते इंग्रजीत लिहिले जाऊ लागल्यावर मसुदा करणाऱ्या वकिलांना आणि कारकुनांना लॅटिनमधून शेकडो शब्द उसने घ्यावे लागले. त्यांची लेखनपद्धतीही अशी, की एका शब्दातून अपराधी निसटू नये म्हणून त्याच अर्थाचे दोन-तीन शब्द शेजारी बसवायचे. अशा कलमांमध्ये 'पर्पेट्रेट' हे 'कमिट'च्या जोडीने उभे राहिले, आणि ती कलमे देवळे बांधण्याविषयी नसून गुन्ह्यांविषयीच असल्यामुळे इंग्रजी कानांना या शब्दाची ओळख गुन्ह्याच्या संगतीतच झाली. लॅटिनमधील त्याचे निष्पक्ष पूर्वायुष्य सामान्य इंग्रज वाचकाला माहीत असण्याचे कारण नव्हते. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ मध्ये आपला प्रसिद्ध कोश सिद्ध केला, तेव्हा हा शब्द सदैव वाईट अर्थानेच येतो असे त्याने नमूद केले. सॅम्युएल बटलर या कवीने सतराव्या शतकातील आपल्या 'ह्युडिब्रस' काव्यात तो निष्पक्ष अर्थाने वापरला आहे, परंतु ते पद्याच्या सोयीसाठी असून योग्य नव्हे, असा शेराही त्याने मारला. लॅटिनच्या दृष्टीने बटलर बरोबर होता, परंतु इंग्रजीच्या दृष्टीने निकाल जॉन्सनच्या बाजूने लागलेला होता.

याच 'पात्रारे'ची दुसरी लेक 'इंपेट्रेट' हीही इंग्रजीत आली. तिचा अर्थ विनवणी करून मिळवणे, प्रार्थनेने कृपा प्राप्त करून घेणे असा होतो, आणि ती आज क्वचितच, तीही बहुधा धर्मशास्त्राच्या ग्रंथांत आढळते. सख्ख्या बहिणींपैकी एक चर्चमध्ये गेली आणि पवित्र राहिली, दुसरी कचेरीत गेली आणि गुन्हेगारांच्या नामावळीत अडकली. संगतीने शब्दाचे भाग्य कसे ठरते, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

आपल्या भाषेतही असे चढउतार झाले आहेत. धर्मशास्त्रात 'साहस' हा बळजबरीने केलेला अपराध होय. मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत त्याची स्वतंत्र गणना आहे, आणि प्रथम, मध्यम व उत्तम साहस या नावांनी अनुक्रमे २५०, ५०० आणि १,००० पणांचे दंडही सांगितलेले आहेत. तोच शब्द आज मराठीत गिर्यारोहकाच्या गौरवासाठी वापरला जातो. उलट 'कारस्थान' पाहावे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाल्यानंतर राज्य सावरण्यासाठी नाना फडणीस, सखारामबापू बोकील आदी मुत्सद्द्यांनी जो उद्योग केला त्याला 'बारभाईंचे कारस्थान' म्हणतात, आणि त्या नावात निंदा नाही. आज मात्र कारस्थान करणारा मनुष्य कोणालाही शेजारी नको असतो. इंग्रजीत जे 'पर्पेट्रेट'चे झाले, ते आपल्याकडे 'कारस्थाना'चे झाले.

नारायणरावांच्या वधाचा उल्लेख आला आहे, तेव्हा या क्रियापदाच्या गाभ्यातील प्रश्नाकडे वळणे सोयीचे होईल. तलवारी गारद्यांच्या हाती होत्या. तरी रामशास्त्री प्रभुणे यांनी त्या हत्येचा दोष रघुनाथरावांच्या माथी ठेवला, ही गोष्ट महाराष्ट्रात मुलांनाही ठाऊक आहे. ज्याचा हात, त्याचेच कृत्य, असे म्हणून न्यायाला थांबता येत नाही. कर्ता, करवणारा, प्रेरणा देणारा आणि अनुमोदन देणारा हे चौघे सत्कृत्याचे आणि दुष्कृत्याचे सारखेच वाटेकरी आहेत, हा विचार आपल्या सुभाषितकारांनीही मांडून ठेवला आहे.

इंग्रजी कायद्याने हाच प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवण्याचा यत्न केला. ब्लॅकस्टोन याने १७६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाष्याच्या चौथ्या खंडात अपराधाच्या मुख्य कर्त्यांचे दोन दर्जे सांगितले. प्रत्यक्ष कृत्य करणारा, ज्याला तो संपूर्ण अर्थाने 'पर्पेट्रेटर' म्हणतो, तो पहिल्या दर्जाचा. आणि जवळ उभा राहून साह्य करणारा दुसऱ्या दर्जाचा. हिंदुस्थानात १८६० च्या दंडसंहितेतील ३४ व्या कलमाने समान उद्देशाने अनेकांनी मिळून केलेले कृत्य प्रत्येकाने एकट्याने केल्यासारखेच मानले. ३ ऑगस्ट १९२३ रोजी कलकत्त्याच्या शंकरीटोला पोस्ट ऑफिसात पोस्टमास्तर टेबलाशी बसून पैसे मोजत असता काही सशस्त्र माणसे दाराशी आली, त्यांनी पैसे मागितले आणि गोळ्या झाडल्या. पोस्टमास्तर ठार झाला. पाठलाग करून पकडलेल्या आरोपीने, म्हणजे बरेंद्रकुमार घोष याने, आपण बाहेर अंगणात भयभीत होऊन नुसते उभे होतो, गोळी आपण झाडलीच नाही, असा बचाव केला. ते प्रकरण लंडनच्या प्रीव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि तेथे निर्णय झाला, की समान उद्देशाच्या सिद्धीसाठी नुसता उभा राहणाराही त्या कृत्याचा कर्ताच होय.

विसाव्या शतकाने याच्याही पुढचा प्रश्न उभा केला. १९६१ मध्ये जेरुसलेमच्या न्यायालयापुढे आडोल्फ आइखमान उभा राहिला, तेव्हा लक्षावधी ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या आगगाड्यांची व्यवस्था लावणारा हा कचेरीतील अधिकारी, आपण स्वतः कोणालाही ठार मारलेले नाही आणि केवळ हुकूम पाळले, असेच सांगत होता. न्यायालयाने निकालपत्रात याला जे उत्तर दिले त्याचा आशय असा, की इतक्या अवाढव्य आणि गुंतागुंतीच्या अपराधात प्राणघातक शस्त्र हाती धरणाऱ्यापासून आपण जसजसे वरच्या पायऱ्यांवर दूर जातो, तसतशी जबाबदारी सामान्यतः वाढत जाते. पुढे १९९८ मध्ये रोम शहरातच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची संहिता मान्य झाली, आणि तिच्या २५ व्या कलमात स्वतः, इतरांच्या संगनमताने, अथवा दुसऱ्या व्यक्तीकरवी गुन्हा करणारा, असे तिन्ही प्रकारचे कर्ते एकत्र बसवले गेले. ज्या नगरीत राष्ट्राच्या वतीने शपथ पुरी करणारा पिता नेमला जात होता, तेथेच राष्ट्राच्या नावाने दुष्कृत्य पुरे करणाऱ्यांची व्याख्या लिहिली गेली. ज्याच्या अधिकाराने कृत्य पूर्णत्वास जाते तो त्याचा कर्ता, हा 'पात्रारे'मधील जुना विचार अशा रीतीने आधुनिक दंडशास्त्रात नव्या प्रमाणांनिशी प्रतिष्ठित झाला आहे.

हा शब्द वापरणाऱ्याने दोन गोष्टींचे भान ठेवावे. एक, 'पर्पेच्युएट' या दुसऱ्या क्रियापदाशी त्याची गल्लत करू नये. ते 'अखंड' या अर्थाच्या लॅटिन विशेषणापासून आले असून त्याचा अर्थ चालू ठेवणे, चिरस्थायी करणे असा आहे. एखाद्याने अन्याय केला, तर तो 'पर्पेट्रेट' केला. तो अन्याय रूढी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालू दिला, तर तो 'पर्पेच्युएट' केला. दोन्ही पापे एकाच माणसाकडून होऊ शकतात, परंतु शब्द वेगळे आहेत. दुसरी गोष्ट, 'पेर' या उपसर्गाचा अर्थ विसरू नये. कृत्य अखेरपर्यंत गेलेले असले पाहिजे. ज्याचा केवळ बेत झाला किंवा जे अर्ध्यावर फसले, त्याला प्रयत्न म्हणावे, आणि कायदाही त्याला वेगळेच मोजतो.

या क्रियापदाचे माझ्या दृष्टीने मोठे मोल असे, की ते कर्त्याला वाक्याबाहेर जाऊ देत नाही. मराठीत आपण 'गुन्हा घडला', 'अपहार झाला', 'दंगल उसळली' असे सहज लिहितो, आणि त्या क्रियापदांच्या आडोशाला गुन्हा करणारा, अपहार करणारा आणि दंगल पेटवणारा निवांत बसून राहतो. पाऊस पडतो तसा अत्याचार पडत नाही. तो कोणीतरी योजतो, कोणीतरी हुकूम देतो आणि कोणीतरी शेवटास नेतो. 'पर्पेट्रेट' म्हटले, की 'कोणी?' हा प्रश्न लगोलग उभा राहतो, आणि तो तसा उभा राहणे समाजाच्या हिताचे आहे.

परंतु कर्त्याचे नाव घेण्याचा हा आग्रह जितका आवश्यक, तितकेच ते नाव पुराव्याने सिद्ध होईपर्यंत थांबण्याचे व्रतही आवश्यक आहे. अमेरिकेतील पोलिसांच्या बोलीत या शब्दाचे 'पर्प' असे लघुरूप रूढ झाले असून ते अनेकदा नुसत्या संशयितालाही लावले जाते; आणि आपल्याकडेही फिर्याद नोंदली जाताच आरोपीला गुन्हेगार म्हणून मोकळे होण्याची घाई कमी नाही. कृत्याचे पितृत्व ही कोणाच्याही माथी लादण्याची वस्तू नव्हे. साक्षी, जबान्या आणि दस्तऐवज तपासून ते ठरवावे लागते, आणि एकदा ठरले, की त्या माणसाचा हुद्दा किंवा दरारा न पाहता, वाक्याच्या आरंभी त्याचे नाव कर्ता म्हणून लिहावे लागते. न्यायाधीशाने निकालपत्रात, पत्रकाराने वार्तेत आणि इतिहासकाराने ग्रंथात हे एवढे व्याकरण पाळले, तरी अन्याय सोसणाऱ्यांच्या ऋणाचा काही भाग फिटेल.